देवबागच्या खाडीत गरवायला: घरच्यांना घेऊन करण्याजोगी सफर

तारकर्ली-देवबागला जाणाऱ्या कुटुंबांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की डॉल्फिन, संगम, सुनामी आयलंड ही ठरलेली फेरी एखाद्या वेळी राहिली तरी चालेल, पण कर्लीच्या खाडीत एक सकाळ गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, घेऊन बसा. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत बसलो. मी, आमची सौ., लेक, जावई, दहा वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू. होडी आमच्यापुरतीच होती, सोबत फक्त तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, आणि त्यांचा पुतण्या. साडेतीन तास पाण्यावर, नंतर त्यांच्याच घरी जेवण. होडीचे साडेतीन हजार रुपये, माणशी हिशोब नाही. जेवणाचे वेगळे.

मी सांगलीचा. लहानपण कृष्णेच्या काठावर कळकाची काठी आणि गांडुळं घेऊन गेलं, नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. त्यामुळे वाहतं पाणी आणि गळ हे दोन्ही माझ्या जिव्हाळ्याचे विषय आहेत, आणि मासेमारीच्या नावाखाली पर्यटकांना काय काय विकलं जातं त्याचा मला रागही येतो. याआधी किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका गावात हॉटेलमार्फत आम्ही अशीच सफर घेतली होती. भर दुपारी बारा वाजता, एका बोटीत डझनभराहून जास्त माणसं, सगळ्यांत मिळून चार रॉड, इंजिन बंद करायचीही तसदी नाही. वीस मिनिटांत ‘आज मासा नाही’ म्हणून बोट परत फिरवली. नातीने तेव्हा दोरीला हातसुद्धा लावला नव्हता. देवबागचा अनुभव इतका वेगळा का झाला, हे नीट सांगावं म्हणून एवढं लिहायला बसलोय.

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण वेळ. फोनवर मी तारीख सांगितली तर तांडेलांनी आधी तिथी पाहिली. कार्तिक शुद्ध दशमी. लगेच म्हणाले, “दशमीक भरती साडेसातांची. साडेसहाक धक्क्यार येवा.” कोकणात हा हिशोब जुन्या माणसांच्या तोंडावर असतो. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. दहाची पाऊणपट साडेसात. मी नंतर भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं, दहा-पंधरा मिनिटांचा फरक होता. शिवाय दशमीला चंद्र अर्ध्याहून थोडासाच मोठा असतो, त्यामुळे पाण्याची चढउतार अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाएवढी नसते. अष्टमीच्या आसपासच्या या मवाळ भरतीला तिकडे भांग म्हणतात.

पोरांबरोबर गरवायचं तर या गोष्टीचं महत्त्व फार आहे. देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते, पलीकडे भोगव्याचा किनारा. भरती-ओहोटीच्या मधल्या तासांत या मुखातून पाणी इतक्या जोरात ये-जा करतं की हलकं शिसं तळाला टिकतच नाही, दोरी तिरकी होऊन वाहत जाते आणि मासा लागला की शेवाळ लागलं हे पोराला कळत नाही. जड शिसं लावावं तर माशाची हलकी टोच हाताला जाणवत नाही. पाणी भरून थांबतं, वळायच्या आधी जरा दम घेतं, त्या तास-दीड तासात मात्र दोरी सरळ खाली जाते. आमची सफर नेमकी त्या वेळेभोवती बेतलेली होती. हॉटेलच्या नाश्त्याची वेळ बघून होडी सोडणाऱ्याकडून हे होणार नाही.

सकाळ निवडण्यामागे वाराही आहे. नोव्हेंबरात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, खाडीचं पाणी बसलेलं असतं. दहा-अकरानंतर समुद्राकडून वारा सुरू होतो आणि होडी हलायला लागते. आमच्या लेकीला घाटात गाडी लागते. फोंडा घाट उतरताना दोनदा थांबावं लागलं होतं. होडीत तिला काहीही झालं नाही.

होडी फायबरची, मागे आउटबोर्ड इंजिन. धक्क्यापासून संगमाच्या दिशेला गेलो आणि मुखाच्या बरंच आत, वाळूच्या तळावर त्यांनी इंजिन बंद करून नांगर टाकला. जावईबापूंना अजून पुढे जायचं होतं. तांडेल म्हणाले, मुखाबाहेर नाही. ते बरोबरच होतं. ओहोटीचं पाणी बाहेर पडताना समोरून येणाऱ्या लाटांना भिडतं, आणि वाळूच्या उथळ दांड्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. बाहेर समुद्र शांत दिसत असला तरी मुखावरची जागा तेव्हा लहान होडीला धोक्याची असते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूच्या खडकांजवळ नेता का, हेही विचारून झालं. तिकडे सागरी अभयारण्य आहे, 1987 पासूनचं, आणि किल्ल्याभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. तेही त्यांनी सरळ नाही म्हटलं. गिऱ्हाईकाला नाही म्हणणारा माणूस मला भरवशाचा वाटतो.

दोन रॉड होडीत होते, रीलसकट, पण पोरांच्या हातात त्यांनी दिली साधी हातदोरी. लाकडाच्या फळकुटावर गुंडाळलेली तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, खाली शिसं, त्याच्या वर दोन बारीक गऱ्या. आमिष म्हणून कोळंबीचे सोललेले तुकडे, नखाएवढे. रॉड दहा वर्षांच्या पोरीला लांब होतो, रीलचा दांडा कुठल्या बाजूने फिरवायचा यातच तिचं लक्ष जातं आणि फेकताना गरी मागच्याच्या कानाला लागायची भीती. हातदोरीत मधे काहीच नाही. तिकडे मासा, इकडे बोट. माझ्या मते सगळ्या सफरीतला हा सर्वात शहाणपणाचा निर्णय. रॉड नंतर जावईबापूंनी आणि मी वापरले, पण थोड्या वेळाने मीही हातदोरी मागून घेतली.

“दोरी बोटार ठेव गो. तळाक लागली की हातभर वर घे,” एवढंच त्यांनी नातीला सांगितलं आणि मग तिच्या शेजारी बसून राहिले. तिची दोरी स्वतःच्या हातात घेतली नाही. पहिल्या दोन-तीन वेळा आमिष खाऊन मासा गेला. ती रडवेली झाली तरी ते घाईने मदतीला धावले नाहीत. पुढच्या वेळी दोरीला दोन बारीक हिसके बसले, पदराला लहान मूल हिसका देतं तसे, आणि तांडेल हळूच म्हणाले, “थांब... थांब... आता वड.” तिने दोन्ही हातांनी दोरी ओढत आणली. वर आली ती मुडदुशी. वीतभर लांब, निमुळती, अंगावर चांदीचा पातळ मुलामा दिल्यासारखी चकाकी. पोर पाच मिनिटं काही बोललीच नाही.

मुडदुशी या वाळूच्या तळावरची. मुंबईच्या बाजारात हिला नगली म्हणतात. काटे कमी, मांस गोड आणि हलकं, कोकणात आजारातून उठलेल्या माणसालाही देतात. कळपाने फिरते, त्यामुळे एक लागली की त्याच जागी आणखी लागतात, आणि म्हणून नवशिक्यासाठी इतका चांगला मासा दुसरा नाही. त्या थांबलेल्या पाण्यात आमच्यातल्या प्रत्येकाला मुडदुशी लागली, लेकीला सगळ्यात जास्त. सहा वर्षांच्या नातवाची दोरी पुतण्याने मागून सैल धरलेली होती, पण ओढायची त्यानेच. करंगळीएवढी एक आली तेव्हा तांडेल त्याला म्हणाले, “ल्हान आसा. सोडूया तेका.” ओल्या हाताने गरी सोडवून त्यांनी ती नातवाच्या ओंजळीत दिली आणि त्याच्याच हाताने पाण्यात सोडायला लावली. कोरड्या हाताने धरलं तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही जगत नाही, हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं. राज्य सरकारने 2023 साली बऱ्याच माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे. पोटासाठी मासेमारी करणारा माणूस पर्यटकांच्या दोरीवरचा मासाही आकार पाहून ठेवतो किंवा सोडतो, हे नातवंडांनी पाहिलं याचं मला फार समाधान आहे.

ठेवलेला मासा लगेच बर्फाच्या पेटीत जायचा, झाकण बंद. होडीच्या तळात तडफडत पडलेला मासा आम्ही एकही पाहिला नाही. हे मुद्दाम लिहितो कारण आमची सौ. माळकरी आहे. माळ घातल्यापासून तिने मासा-मटण सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी तर कार्तिकी एकादशी. ती येईल की खोलीवर थांबेल हे आदल्या रात्रीपर्यंत ठरत नव्हतं. नातवंडांसाठी आली. तांडेलांनी तिला नाळेजवळ पुढे बसवलं, “वयनी, तुमी फुडे बसा, थंय ऊन लागूचा नाय,” आणि गरीची, आमिषाची सगळी कामं मागच्या अंगाला ठेवली. तिने सकाळभर पक्षी पाहिले. खंड्या, बगळे, आणि विटकरी पंखांची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार, जिला तिने आपणहून हात जोडले. विष्णूचं वाहन समजतात ना ते. ज्या घरात एकजण मासा खात नाही, त्या घरानेही ही सफर बिनधास्त करावी, फक्त आधी सांगावं.

आठ-सव्वाआठनंतर ओहोटीने जोर धरला. दोरी तिरकी व्हायला लागली तसा त्यांनी नांगर उचलला आणि खाडीत वर, कांदळवनाच्या कडेला घेऊन गेले. इथे पोटखाडीचं तोंड होतं. ओहोटीला कांदळवनातलं पाणी या अरुंद तोंडातून बाहेर येतं, त्याच्याबरोबर बारीक कोळंबी आणि माशांची पिल्लं, आणि त्यांची वाट बघत मोठे मासे मुळांच्या आडोशाला उभे असतात. कालव्याच्या दरवाज्याखाली मासे का जमतात ते मी नोकरीत रोज पाहिलं आहे. इथेही तोच न्याय.

या जागी मासे कमी लागले पण चुरस जास्त. जावईबापूंच्या रॉडला तांबोशी लागली, अर्ध्या-पाऊण किलोची. लागल्याबरोबर ती मुळांकडे पळते. तिथे घुसली की तंगूस तुटलीच. पुतण्या ओरडून सांगत होता आणि जावईबापू उभे राहायला बघत होते, त्यांना खांदा दाबून खाली बसवलं. आली शेवटी. तांबूस, जाड खवल्यांची. तांबोशी लहानपणी अशा कांदळवनाच्या खाडीत वाढते आणि मोठी झाली की बाहेर खोल समुद्रातल्या खडकांकडे जाते. कांदळवन तोडलं तर बाहेरच्या तांबोशीचंही मूळ तुटतं. किनाऱ्यावर भराव टाकणाऱ्यांना कुणीतरी एकदा अशा होडीत बसवायला हवं.

लेकीच्या दोरीला शेंगटी लागली. या माशाच्या पाठीवरच्या आणि दोन बाजूंच्या पंखांत करवतीसारखे विषारी काटे असतात, टोचला तर हात सुजून तासन्‌तास ठणकतो. तांडेलांनी कुणालाच जवळ येऊ दिलं नाही, ओल्या गोणपाटाखाली दाबून पकडीने गरी काढली. याच जमातीतले नर मासे अंडी तोंडात धरून सांभाळतात, तेवढे दिवस काही खात नाहीत, हे मी नातवंडांना सांगितलं. मग तिला सोडायचं की ठेवायचं यावर होडीत मतदान झालं. सोडली. नंतर नातवाला केंड लागला. वर येताच तो फुगला, आणि पोरगं आनंदाने किंचाळलं. केंड विषारी, खायचा नसतो. त्याला फुगलेला ठेवून फोटोसाठी हातोहात फिरवतात ते मी इतरत्र पाहिलं आहे. इथे एकदा बघून झाल्यावर लगेच पाण्यात सोडला.

आता उणं काय ते. पहिली गोष्ट गंभीर आहे. लाईफ जॅकेट सगळ्यांना होती आणि धक्क्यावरच घालायला लावली, पण सहा वर्षांच्या मुलाच्या मापाचं जॅकेट नव्हतं. जे होतं ते हनुवटीपर्यंत वर सरकत होतं. पुतण्याने पायांमधून दोरी घालून बांधलं, तरी ते बरोबर नाही. 24 मे 2022 ला याच तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटून पर्यटकांचे जीव गेले आहेत. त्यानंतर या बाबतीत कुणीही, कितीही चांगल्या माणसानेही, सवलत घेऊ नये. मी तांडेलांना हे स्पष्ट बोललो, त्यांनी मान्य केलं आणि लहान मापाची दोन आणतो म्हणाले. तोवर लहान मूल असेल तर स्वतःचं मापाचं जॅकेट घेऊन जा, आणि होडीत त्याला हाताच्या अंतरावर ठेवा.

दुसरं, होडीवर शौचालय नाही, इतक्या लहान होडीवर असूही शकत नाही. मधे एकदा धक्क्याला लावायला ते तयार असतात, पण बायकांना हे आधी माहीत असलेलं बरं. तिसरं, सावलीसाठी छत नाही. छत असलं तर रॉड फिरवता येत नाही हे खरं, पण नऊनंतर ऊन चांगलंच चढतं. टोपी, अंगभर कपडे आणि भरपूर पाणी लागतं. पाणी ते देत नाहीत, आपलं न्यावं. आणखी एक, तांडेल कमी बोलतात. विचारलं तर भरभरून सांगतात, आपणहून गप्पा मारून करमणूक करत नाहीत. मला ते आवडलं. गाण्याच्या स्पीकरसकट सहल हवी असणाऱ्यांना आवडणार नाही.

शेवटचा अर्धा तास ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूच्या दांड्यावर उतरवलं, कोरजाईच्या बाजूला. दहा वाजेपर्यंत तिकडे सुनामी आयलंडावर गर्दी आणि इंजिनांचा आवाज सुरू झाला होता. इथे आम्हीच. नातवंडं शंखातले खेकडे शोधत होती.

जेवण त्यांच्या घरी, अंगणात. धरलेल्या मुडदुश्या रव्यात घोळवून तळलेल्या, तांबोशीचं तिखलं, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी. नातीने स्वतःच्या हाताने धरलेली मुडदुशी वेगळी ओळखून ठेवली होती. तीच तिने खाल्ली, काट्यापर्यंत स्वच्छ. सौ.साठी तांडेलांच्या घरातल्या वहिनींनी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या सकाळीच, मासा घरात यायच्या आधी, वेगळ्या भांड्यांत करून झाकून ठेवल्या होत्या. वाढल्याही वेगळ्या पानात, वेगळ्या चमच्याने. कुणी सांगितलं नव्हतं. मी फोनवर फक्त ‘एक जण माळकरी आहे’ एवढं म्हटलं होतं. त्या उसळीची कृती सौ.ने लिहून आणली आहे आणि घरी दोनदा झालीसुद्धा. माशाचं ताट साडेतीनशे, शाकाहारी दोनशे.

पैशांचं म्हणाल तर सहा माणसांना होडी आणि जेवण मिळून साडेपाच हजारांच्या आत झालं. त्याच किनाऱ्यावर पंधरा मिनिटांच्या जलक्रीडेला माणशी किती मोजतात ते पाहिलं तर हे महाग अजिबात नाही. सहापेक्षा जास्त माणसं ते घेत नाहीत, जास्त पैसे दिले तरी नाही. मोठा गट असेल तर दुसरी होडी.

देवबाग मालवणपासून दहा-बारा किलोमीटर. तिथे फलक वगैरे काही दिसणार नाही. ज्या घरी मुक्काम कराल तिथे ‘खाडीत गरवायला कोण नेतं’ असं विचारा. हे काम करणारी तीन-चार घरं तरी गावात निघतील. ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारा: वेळ तिथी बघून ठरवता का, होडीत दुसरी माणसं असतील का, आणि लहान मापाचं जॅकेट आहे का. पहिल्या प्रश्नाला ‘कधीही या’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा. मे अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत पावसामुळे हे सगळं बंद असतं. दसऱ्यानंतर नीट सुरू होतं आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वात चांगलं. सुट्टी आपल्या हातात असेल तर नवमी, दशमी, एकादशी यांपैकी तिथी धरा, म्हणजे भरती पावणेसात ते सव्वाआठच्या दरम्यान येते आणि पोरांना फार पहाटे उठवावं लागत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची तारीख मिळाली तर बदलून मागा. नाताळच्या आठवड्यात होडी मिळणं कठीण, महिनाभर आधी सांगून ठेवा.